जठराचा कर्करोग : बीज, भूमी आणि उपचारांचे अर्थकारण

(दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, ही व्याख्या शालेय पाठ्यपुस्तकापासून सर्वांच्या परिचयाची आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. जठरातील अर्बुदाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात केवळ कर्कपेशी दिसत नाहीत. कोलॅजेनचे तंतू, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या आणि संरक्षणासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी अशी मोठी वस्ती तेथे आढळते. काही रुग्णांत तर अर्बुदाचा निम्म्याहून अधिक भाग या भोवतालच्या संयोजी ऊतीचाच असतो. तेव्हा रोग कोणत्या वेगाने वाढेल, कोणत्या दिशेने पसरेल आणि औषधाला दाद देईल की नाही, हे प्रश्न केवळ कर्कपेशीकडे पाहून सुटणारे नाहीत.

ही कल्पना नवीन नाही. लंडनमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कर्करोग शरीरात वाटेल तेथे न पसरता ठरावीक अवयवांनाच पसंती देतो, असे त्यांना आढळले. बी सर्व दिशांना उधळले जाते, परंतु ते रुजते ते अनुकूल भूमीतच, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे संशोधनाचा भर बीजावरच राहिला. जनुके, त्यांतील उत्परिवर्तने आणि पेशी मारणारी औषधे यांवर पैसा व बुद्धी दोन्ही खर्च झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. एखादा उद्योग का बुडाला याचा शोध घेताना बराच काळ केवळ त्याचे ताळेबंद तपासले जात. वीज, रस्ते, पतपुरवठा आणि कायदा यांचा भोवताल विचारात येण्यास उशीर लागला.

जठराची रचना

जठराच्या भिंतीचे थर लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर असते. त्यातील ग्रंथी आम्ल व पाचकरस स्रवतात. अस्तराच्या पेशी एका नाजूक आधारपटलावर उभ्या असतात आणि त्याखाली संयोजी ऊतीचा थर असतो. त्यापलीकडे अधिक जाड असा दुसरा संयोजी थर, नंतर स्नायू आणि सर्वांत बाहेर पर्युदराचे आवरण अशी ही मांडणी आहे. कर्करोगाचा उगम अस्तराच्या पेशींत होतो. आधारपटल ओलांडून तो संयोजी ऊतीत शिरला की रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांशी त्याची गाठ पडते. म्हणून संयोजी ऊती ही एका अर्थी सीमा आहे आणि दुसऱ्या अर्थी हमरस्ताही आहे.

निरोगी अवस्थेत ही सीमा कर्करोगाच्या विरोधात काम करते. घट्ट विणलेले तंतू आणि शांत असलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी अस्तराच्या पेशींना शिस्तीत ठेवतात. बिघाड सुरू होतो तो दीर्घकालीन दाहामुळे. जठरातील दाहाचे प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होय. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये त्याचा शोध लावला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याचा समावेश निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात केला आणि २००५ मध्ये या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू बालपणीच शरीरात शिरतो आणि अनेक दशके राहतो. त्यामुळे अस्तराचा दाह, ग्रंथींचा ऱ्हास, जठराच्या जागी आतड्यासारखे अस्तर तयार होणे, पेशींतील विकृती आणि अखेरीस कर्करोग अशी साखळी तयार होते. पेलायो कोरिया यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही साखळी आजही प्रमाण मानली जाते. तिच्या प्रत्येक कडीबरोबर खालची संयोजी ऊतीही बदलत असते, ही बाब मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

न भरणारी जखम

त्वचेवर जखम झाली की रक्त गोठते, पांढऱ्या पेशी धावून येतात, फायब्रोब्लास्ट जागे होऊन कोलॅजेन विणू लागतात आणि नवीन केशवाहिन्या फुटतात. जखम भरली की हे सारे काम थांबते. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये असे दाखवून दिले की, अर्बुदाभोवतीही नेमकी हीच कामे चाललेली असतात. फक्त ती थांबत नाहीत. अर्बुद म्हणजे न भरणारी जखम, हे त्यांचे निरीक्षण जठराच्या कर्करोगाला विशेष लागू पडते, कारण येथे कर्करोगाच्या आधी वर्षानुवर्षांचा दाह, म्हणजेच वारंवार होणारी जखम, अस्तित्वात असतेच.

या प्रक्रियेत टीजीएफ-बीटा या रासायनिक संदेशवाहकाचे स्थान मध्यवर्ती आहे. कर्कपेशी आणि दाहपेशी तो स्रवतात. त्याच्या प्रभावाने शांत फायब्रोब्लास्ट सक्रिय होतात. सक्रिय झालेले फायब्रोब्लास्ट एकाच वेळी अनेक कामे करतात. ते कोलॅजेनचे जाड दोर विणतात. लायसिल ऑक्सिडेज हे विकर या दोरांना परस्परांशी जखडते आणि ऊती ताठर बनते. हा ताठरपणा कर्कपेशीला जाणवतो आणि तिच्या केंद्रकापर्यंत वाढीचा संदेश पोहोचवतो. शिवाय फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक पुरवतात, रक्तवाहिन्यांना आमंत्रण देणारी द्रव्ये सोडतात, तर मेटॅलोप्रोटीनेज वर्गातील विकरे तंतू कापून कर्कपेशींना वाट मोकळी करून देतात. पोलिसांनीच दरवाजा उघडून द्यावा, असा हा प्रकार आहे.

दोन परिणाम रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. पहिला औषधाशी संबंधित आहे. घट्ट ऊतीच्या दाबाखाली रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि शिरेतून दिलेले औषध अर्बुदाच्या गाभ्यापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. दुसरा परिणाम रोगप्रतिकारक्षमतेचा आहे. कर्कपेशी मारण्यासाठी आलेल्या टी-पेशी तंतूंच्या जाळ्यातच अडकून पडतात. २०१८ मध्ये मूत्राशय आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत टीजीएफ-बीटाचा हा अडसर स्पष्ट झाला.

पखालीसारखे जठर

फिनलंडच्या पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात कर्कपेशी आतड्यातील ग्रंथींसारख्या रचना करून गाठ बनवतात. दुसऱ्या, म्हणजे विखुरलेल्या प्रकारात पेशी परस्परांपासून सुटतात आणि एकेकट्या किंवा लहान समूहांनी संयोजी ऊतीत शिरतात. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन येथे बहुधा निकामी झालेले असते. काही कुटुंबांत हा दोष आनुवंशिक असतो. न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये त्याचे जनुक निश्चित झाले.

विखुरलेल्या प्रकाराचे टोकाचे रूप म्हणजे लायनायटिस प्लास्टिका. यात कर्कपेशी थोड्या आणि त्यांनी उद्दीपित केलेली तंतुमय ऊती अफाट, अशी स्थिती असते. जठराची भिंत जाड व ताठर होते आणि ते चामड्याच्या पखालीसारखे दिसू लागते. जेवणानंतर ताणण्याची त्याची क्षमताच संपते. रुग्ण सांगतो की दोन घासांत पोट भरते आणि वजन घटत चालले आहे. आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काही महिने निघून जातात. दुर्बिणीने तपासणी केली, तरी अस्तराचा पृष्ठभाग जवळजवळ साधा दिसू शकतो आणि वरवर घेतलेल्या तुकड्यात कर्कपेशी सापडतीलच असे नाही, कारण रोग अस्तराखालच्या संयोजी थरात पसरलेला असतो. अशा वेळी खोलवरचे तुकडे घ्यावे लागतात किंवा दुर्बिणीतून ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते. पहिला अहवाल निर्दोष आला म्हणून गावी परतलेला रुग्ण काही महिन्यांनी पोटात पाणी घेऊन परत येतो. ऊतीच्या स्वभावाचा अर्थकारणाशी संबंध कोठे येतो, याचे उत्तर या परतीच्या प्रवासात आहे.

जनुकीय वर्गीकरणानेही भोवतालचे महत्त्व अधोरेखित केले. अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०१४ मध्ये २९५ अर्बुदांच्या आधारे जठराच्या कर्करोगाचे चार रेणवीय प्रकार केले. पुढील वर्षी आशियाई कर्करोग संशोधन गटाने ३०० अर्बुदांचे वेगळे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यातील ज्या गटाच्या पेशींनी अस्तरपेशींचे गुण सोडून संयोजी ऊतीसारखे गुण धारण केले होते, त्या गटाचे आयुर्मान सर्वांत कमी आढळले.

भूमीवर उपचार

भोवताल दोषी असेल, तर त्यावरच औषध का शोधू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर औषध कंपन्यांनी मोठी किंमत देऊन मिळवले. तंतू कापणाऱ्या विकरांना रोखणारे मॅरिमास्टॅट हे औषध प्रगत जठर कर्करोगात तपासले गेले. २००२ मध्ये आलेले निष्कर्ष अपेक्षेपेक्षा फारच माफक होते आणि ते औषध बाजारात आले नाही. त्याच कुळातील एका विकरावर नेमका रोख धरणारे अँडेकॅलिक्सिमॅब केमोथेरपीला जोडून दिले गेले. त्यानेही आयुर्मान वाढले नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात संयोजी ऊतीतील हायल्युरोनन विरघळवणारे औषध २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्यावर अपयशी ठरले. त्याआधी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत फायब्रोब्लास्ट काढून टाकल्यावर स्वादुपिंडाचा कर्करोग मंदावण्याऐवजी अधिक आक्रमक झाला होता. म्हणजे भोवतालची ऊती सरसकट शत्रू नाही. तिचा काही भाग रोगाला आवर घालतो. सरसकट पाडापाडीचे धोरण शहरात जसे फसते तसेच ते येथेही फसले.

यश आले ते रक्तवाहिन्यांच्या आघाडीवर, आणि तेही मर्यादित. रामुसिरुमॅब हे रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संदेश रोखणारे प्रतिपिंड २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पॅक्लिटॅक्सेलसोबत दिल्यास मध्यक आयुर्मान ७.४ महिन्यांवरून ९.६ महिन्यांवर गेले. दोन महिन्यांची ही भर कमी लेखणे अमानुष ठरेल. परंतु सार्वजनिक निधीतून खर्च करताना तेवढ्याच पैशात आणखी काय साधले असते, हा प्रश्न टाळणेही बेजबाबदारपणाचे ठरेल. प्रतिकारक्षमतेला चालना देणाऱ्या औषधांनी अलीकडे चित्र काहीसे बदलले आहे. २०२१ मध्ये निव्होलुमॅबला केमोथेरपीसोबत मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपीला ड्युरव्हॅलुमॅबची जोड दिल्यास रोग उलटण्याचा धोका कमी होतो, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

राजधानी क्षेत्रातील वास्तव

जगात २०२२ मध्ये जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आणि ६ लाख ६० हजार मृत्यू नोंदले गेले. भारतात नव्या रुग्णांची वार्षिक संख्या ६० हजारांच्या वर आहे. देशांतर्गत फरक मात्र विलक्षण आहेत. मिझोरममधील ऐझॉलचा दर देशात सर्वोच्च आहे. तेथे धूर दिलेले मांस व मासे, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर मुरवलेले ‘तुइबुर’ हे पाणी यांचा संबंध संशोधकांनी या रोगाशी जोडला आहे. चेन्नई व बंगळूरचे दर दिल्ली व मुंबईपेक्षा अधिक आहेत. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग देशात सर्वत्र मोठा असूनही जठराचा कर्करोग तुलनेने कमी, हे भारतीय कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही.

दिल्लीची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. भीमराव आंबेडकर रोटरी कर्करोग रुग्णालयातून चालते. दिल्लीतील स्त्रियांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय आहे आणि त्यातही दाट तंतुमय ऊती आढळते. तथापि नोंदणीत केवळ दिल्लीचे रहिवासी मोजले जातात. रुग्णालयाच्या दारात उभा असलेला रुग्ण बिहारचा, पूर्व उत्तर प्रदेशाचा किंवा हरियाणातील एखाद्या गावाचा असतो. हा भार विभागण्यासाठी हरियाणातील झज्जर जिल्ह्यात बाढसा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारण्यात आली. सुमारे ७०० खाटांच्या या संस्थेचे उद्घाटन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथे ८०६ खाटांचे विश्रामसदन सुरू झाले. रुग्णालयाइतक्याच खाटा नातेवाइकांसाठी लागाव्यात, यातच कर्करोगाच्या खर्चाचा मोठा भाग कोठे जातो हे दिसून येते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेबावीस हजार, तर खासगी रुग्णालयात सुमारे ९३ हजार रुपये होता. बुडालेली मजुरी आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचा खर्च यात येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने कुटुंबामागे वार्षिक ५ लाखांचे संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना तिचा लाभ खुला झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीही योजनेत सामील झाली. परंतु या योजनेची रचना दाखल होण्याभोवती आहे. दाखल होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांचा खर्च तीत धरला जातो. पखालीसारख्या जठराचे निदान तीन दिवसांत होत नाही. दुसरी दुर्बीण तपासणी, खोल तुकडे, सीटी स्कॅन यांसाठी रुग्ण आठवडेच्या आठवडे हिंडतो. निदानापर्यंतचा खर्च असा मुख्यतः त्याच्याच खिशातून होतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर गरीब रुग्ण तपासणी अर्धवट सोडतो.

औषधांच्या किमतीबाबत शासनाने काही पावले टाकली आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर मर्यादित करण्यात आला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ओसिमेर्टिनिब आणि ड्युरव्हॅलुमॅब यांवरील सीमाशुल्क माफ झाले. यांपैकी पहिले व तिसरे जठराच्या कर्करोगातही उपयोगी आहे. जिल्हा रुग्णालयांत दिवसभराच्या केमोथेरपीची केंद्रे उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. दक्षिण कोरियाने निराळा मार्ग धरला. तेथे ४० वर्षांवरील नागरिकांची दर दोन वर्षांनी जठर तपासणी होते आणि पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ६० टक्क्यांहून बरेच अधिक आहे. दिल्लीसारख्या कमी दराच्या प्रदेशात सर्वांची दुर्बीण तपासणी परवडणारी नाही आणि आवश्यकही नाही. मिझोरमबाबत मात्र हाच हिशेब वेगळा निघेल. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून हेलिकोबॅक्टरच्या सामूहिक उपचारानंतर या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटले, हे ईशान्येच्या नियोजनात विचारात घेण्यासारखे आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची अडचण अर्थातच तेथेही येईल.

संयोजी ऊतीच्या ज्ञानाचा एक स्वस्त उपयोग यातून पुढे येतो. नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अर्बुद व संयोजी ऊती यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत सुचवली. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचपट्टीवर संयोजी ऊतीचा हिस्सा ५० टक्क्यांहून अधिक आहे की कमी, एवढेच पाहायचे असते. ऊतीचा हिस्सा अधिक असलेल्या रुग्णांत रोगाचा परिणाम वाईट असतो, असे पुढे जठराच्या कर्करोगातील अनेक अभ्यासांतही दिसले. जनुकीय चाचणीला हजारो रुपये लागतात. ही काचपट्टी मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर तयार होतेच. या गुणोत्तरावरून उपचार बदलावा, एवढा पुरावा अजून जमलेला नाही. निष्काळजी उत्साहाने तसे करणे धोक्याचे ठरेल. परंतु अहवालात त्याची नोंद करण्यास अडचण नसावी. मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेले जुने नमुनेही वर्षांनंतर पुन्हा कापून पाहता येतात. दिल्ली, रोहिणी, झज्जर येथील रुग्णालयांत असे ठोकळे मोठ्या संख्येने पडून आहेत. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याच्या माध्यमातून एकच नमुना अर्ज ठरवता येईल आणि उत्तर भारतातील रुग्णांची भूमी कशी आहे, याची आकडेवारी काही वर्षांत उभी राहील. नवीन यंत्र त्यासाठी लागत नाही. प्रत्येक अहवालामागे विकृतिशास्त्रज्ञाची काही मिनिटे अधिक लागतात, आणि आयुष्मान भारतच्या शस्त्रक्रियेच्या दरात या मिनिटांसाठी स्वतंत्र रक्कम धरायची की नाही, हा निर्णय आरोग्य प्राधिकरणाने घ्यावयाचा आहे.